घोरणारं गिऱ्हाईक

...नाही नाही, झोपा की! पण घोरू नका, एवढंच हात जोडून सांगतो. गिऱ्हाईक घोरायला लागलं की माझ्या हातातला वस्तरा थरथरतो, आणि थरथरता वस्तरा कुणाच्या फायद्याचा हो?

तुम्हाला सांगतो, त्या पलीकडच्या खुर्चीत टायरवाला बसला होता. अंगाने नुसता रेडा! गालभर फेस, मान मागे, आणि एकदम घर्रर्र... मग सगळं गप्प... मग पुन्हा घर्रर्र. बाकावरचे म्हातारबुवा म्हणतात, "दमलाय बिचारा, झोपू दे!" पण झोपेत ओठ निळे कुणाचे पडतात? वस्तरा आधी लांब ठेवला, दोन्ही खांदे गदागदा हलवले, ओरडलो, "ऐकू येतंय का हो?" छे! माझ्या मेहुण्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, स्पीकर चालू केला. तिकडून एक ताई, आवाज अगदी शांत, "दादा, छाती नीट वरखाली होतेय का बघा." म्हटलं, अहो घोरतोय ना! तर म्हणते, "दादा, ते घोरणं नाही. तो श्वास नाही."

हे शब्द अजून माझ्या कानातून निघालेले नाहीत.

"त्यांना जमिनीवर उताणं घ्या." अहो, घ्या काय? तो रेडा, आणि आम्ही दोघं काडीपैलवान! कसाबसा ओढला, कापलेल्या केसांतच आडवा केला. "तळहात छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. जोरात दाबा, भराभर, छाती परत वर येऊ द्या. थांबू नका!" मी दाबतोय, दमलो की मेहुणा दाबतोय, फेस माझ्या नाकातोंडात, म्हातारबुवा रडतायत, आणि मी आपला वेड्यासारखा, "ऐकू येतंय का हो?" गाडी येईपर्यंत हेच!

वाचला हो, वाचला! पण मी? दुधाने तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पितो. घरी बायको जरा घोरली की खांदे हलवतो, "ऐकू येतंय का गं?" ती म्हणते, "मला येतंय, शेजाऱ्यांनाही येतंय!" सासरे तर आमच्याकडे मुक्कामच करत नाहीत.

आणि टायरवाला? दर आठवड्याला हजर, त्याच खुर्चीत. म्हणतो, "घरी डोळे मिटायची भीती वाटते रे. इथे बिनघोर झोप लागते. तू जागा असतोस ना!"

असतो बाबा. दुसरं करणार काय?... हं, तो बघा, लागला घोरायला! बसा तुम्ही असेच, अर्ध्या दाढीने... आलोच... ऐकू येतंय का हो?