सारखी का निराळी?

सन्माननीय अध्यक्ष लटारूभाऊ, मंचावरील सरपंच मीराबाई, सत्कारमूर्ती करिश्मा, तिचे आईवडील मंगलीबाई आणि मंगरूभाऊ, दाराशी जीप चालू ठेवून उभा असलेला विक्की, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो!

नदीचं पाणी पुलाला टेकायला हातभर उरलंय, पूल बुडाला की वाट बंद, अन् आपण अजून हारतुऱ्यांतच! परवा बंगळुरूला करिश्मा हजर झाली नाही, तर क्वांटम संगणकाच्या संशोधनातली हिची जागा जाईल. पण अध्यक्षीय भाषण होईस्तोवर सत्कारमूर्तीनं उठायचं नाही, ही आपली रीत. जळो मेली ती रीत! विक्की, हॉर्न नको रे, ऐकू येतंय मला.

मी भामरागडचा गणिताचा मास्तर. हिला मीच शिकवलं, की संगणकाला दोनच अंक कळतात, शून्य आणि एक. आता ही मलाच शिकवते! म्हणते, या नव्या संगणकात एकाच घरात शून्य आणि एक दोन्ही मिसळून नांदतात. ‘तू कोण?’ विचारलं, की त्यातलं एकच उरतं आणि केलेलं गणित मोडतं. मग चूक शोधायची कशी? कशी हो?

तर ही हसली. “सर, आमच्यात सोयरीक जुळवतानी काय पाहतेत? दोन घरच्या देवांची संख्या सारखी का निराळी. सारखी तं भाऊबंद, निराळी तं सोयरे. तसंच इथी. एकेकाले ‘तू कोण’ विचारायचं नाई. शेजारच्या दोघांले विचारायचं, तुमी सारखे का निराळे? जो दोन्हीकडच्यांहून निराळा निघन, तोच बिघडलेला.”

चार देव, पाच देव, सहा, सात... इतकी वर्षं लग्नांत जेवलो तुमच्याकडे, पण हे डोक्यात आलं नाही. माफ करा, लक्ष उडतंय माझं. खिडकीतून नदी दिसते.

मंगरूभाऊंनी अजून ‘जा’ म्हटलेलं नाही. काल मला म्हणाले, “मास्तर, एवढी दूर गेल्यावर पोरगी आमची राहीन का?” हिनंच सांगितलं, “बाबा, मले एकटीले पाहून नाई समजणार. केस कापलेले दिसन, बोलणं बदललेलं दिसन. मले मायच्या बाजूले उभी करजा, अन् मंग पाहजा, सारखी हाव का निराळी.”

अहो, मंगरूभाऊ, मधेच कुठं निघालात? ...पोरीची बॅग घेतली खांद्यावर! झालं, मिळालं उत्तर. ऊठ पोरी, शाल जीपमध्ये पांघर!

आपण सगळे आलात, आभारी आहे. काही अधिकउणं बोललो असेन, तर पाणी ओसरल्यावर बोलवून रागवा. आणि लटारूभाऊ, तुमचं भाषण राखून ठेवा. उन्हाळ्यात मोहफुलांच्या दिवसांत घरी येईल, तेव्हा ऐकेल ती, मायच्या बाजूला उभी राहून.