पाठीवरचे मोर

महायुद्धामुळं कापड रेशनवर होतं. निपाणीत शिंप्याच्या दुकानात मी माझ्या सदऱ्यासाठी ताटकळत बसलो होतो. माझ्यापुढं एक आई, लग्न ठरलेली थोरली लेक आणि परकरातली धाकटी. शिंपी मोर छापलेल्या छिटाच्या कापडावर खडूनं आखत होता.

"वैनी, सगळं मोर उभं ठेवलं तर एकच पोलकं बसतंय. एक पाठ उलटी फिरवून आखली तर दोन निघत्यात."

"मग फिरवा की, मामा."

"पर त्या पाठीवरचं मोर खाली डोकं करनार."

"धाकटीची पाठ फिरवा. लगीन थोरलीचं हाय."

"माझंच मोर उलटं व्हय? शाळंत पोरी हसत्यात की गं आई!"

"मग एकच बेता, मामा. थोरलीचं."

"नगं आई. मामा, माझी पाठ फिरवा," थोरली म्हणाली.

"खुळी का काय गं तू? सासरची मानसं काय म्हनतील?"

"माझ्या डोक्यावरनं पदर असतोय. माझी पाठ कुनाला दिसतीया? हिची उघडी ऱ्हाती."

शिंप्यानं आधीची रेघ पुसली.

"बघा हं, एकदा कातर लागली की झालं."

"लावा, मामा."

कातर निम्म्यात आल्यावर धाकटी हळूच म्हणाली,

"आक्का, सासरी पदर पडू देऊ नगंस हं."