मधला गोल

मी आसगावची. बाप धानाचा शेतकरी, बोलला का हुकूमच, हे कर, तिकडं बस, तोंड बंद ठेव. मॅट्रिक झाली तशी लग्न लावून देलं, ते वर्षभरही नाही टिकलं, नवऱ्यानं माहेरी आणून सोडली. मंग शाळेतल्या बाईनं खटपट करून भंडाऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमंदी लावून देलं. दिवसभर कानाले हेडफोन, नंबर बोला, नंबर बोला, आन संध्याकाळी नदीपल्याड कारध्याच्या भाड्याच्या खोलीवर आली का भिंतीसंग बोला. काय सांगू भाऊ तुमाले, रविवारी तं तोंड उघडाची पाळीच येत नोती.

एक भांड्याचा व्यापारी होता, दूरगावच्या ट्रंककॉलले उशीर झाला का वरडे, बाई झोपली काय. मी रडत बसो. मंग ऐंशीनंतरची गोष्ट असन, नागपूरवरून एक साहेब आले ट्रेनिंग द्याले. त्या ट्रेनिंगले इंग्रजीत लंबं नाव, ट्रान्झॅक्शनल अॅनालिसिस. फळ्यावर एकाखाली एक तीन गोल काढले. म्हणे, वरच्या गोलात आपले मायबाप बसले रायतात, खालच्यात लहानपणचं लेकरू, मधात आपली आजची समज. समोरचा बाप होऊन वरडला का आपल्यातलं लेकरू रडते, एक खेप मधातून बोलून पाहा. आन म्हणे, माणसाले भाकरीवानी कोणाचं तरी विचारणं लागते, नाही भेटलं तं माणूस आतून वाळते. मी मान खाली घातली. मले वाटलं, या साहेबानं माही खोली पाहिली का काय.

व्यापाऱ्यासंग जमलं. भाऊ, नागपूरची लाईन बंद आहे, सुरू झाली का मीच लावून देतो, म्हटलं, तं त्यानं बरं म्हणून फोन ठेवला. पण घरचं कठीण. बाप वारल्यावर मोठा भाऊ बापासारखाच बोले. मी गेली का अंगणातूनच, काहून आली, लोकं काय म्हणतीन? मी मायचं तोंड पाहो न रडत वापस येवो.

ट्रेनिंग झाल्यावरच्या दिवाळीले गेली तवाही तेच, काहून आली? खालच्या गोलातलं लेकरू रडाले आलं. पण मी पिशवी खाली ठेवली न म्हटलं, दादा, मायसाठी आली, दोन दिवस राहीन, तुह्यासंगही बोलाचं आहे.  त्यानं खाटेवर सरकून जागा देली, आन म्हणे, घरातले सारे मले भेतात वो, मी आलो का चूप होतात, माह्यासंग कोणी बोलत नाही. एवढा मोठा माणूस, आवाज पोरासारखा. एकाच घरचे आमी, दोघंही एकटेच.

आता माय गेली. दादा सणावारी ये म्हणते, मी जातो. बाकी दिवस एका जिवाचा सैपाक. एकटेपणा काही त्या गोलानं जात नाही, भाऊ. पण दारात कोणी आलं का मी पहिले विचारतो, तुमाले विचारलं तसं, कसे आहा. तुमी घाई नोका करू. बसा, चहा ठेवला आहे.