इंदूबाईंनी घर कोणाला दिलं

मंडळी, इंदूबाईंच्या शोकसभेले शाळेच्या या पटांगणात एवढे जण आलात. राळेगावचे, आजूबाजूच्या खेड्यायतले. माझं काम शिवणाचं, भाषणाचं नाही. तरी बोलाले उभी राह्यली आहे. अर्धी दुःखानं, अर्धी रागानं.

मी वंदना. इंदूबाईंच्या घराला लागून माझं दुकान आहे. बाईंनी याच शाळेत तुम्हा-आम्हाले शिकवलं. नवरा लवकर गेला. मूलबाळ झालं नाही. माझ्या आधी तिघं बोलून गेले, तिघंही म्हणाले, "बाईंच्या मागे कोणी नाही."

कोणी नाही? मग ती पार मागं भिंतीला टेकून बसली ती यमुना कोण आहे? अकरा वर्षं बाईंच्या घरी राह्यली. बाईंचं शेत तिनं पाह्यलं, बाईंना तिनं उठवलं-बसवलं. तिले आज कोणी खुर्चीही दिली नाही.

खुर्च्या पुढं आहेत. तिथं बाईंचे पुतणे बसले आहेत.

दोन वर्षांमागं बाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. महिन्यानं पुतण्यायतले हे प्रकाशभाऊ आले, केळी घेऊन. मी तिथंच होती. म्हणाले, "काकू, दवाखान्याचा कागद आहे, सही करून द्या." बाई म्हणाल्या, "वंदना, चष्मा दे." अन् अख्खा कागद वाचला. ते बक्षीसपत्र होतं. घर अन् शेत, दोन्ही पुतण्यायच्या नावानं.

बाई म्हणाल्या, "प्रकाश, इथं 'स्वखुशीने' लिहिलं आहे. माझी खुशी तू कोणाले विचारली?"

"काकू, तुमचं आहे तरी कोण? आम्हीच तर आहो."

"म्हणून एवढी घाई?"

भाऊ उठले. केळी परत घेऊन गेले. मंडळी, मी डोळ्यानं पाह्यलं. आजारी बाईपुढून केळी उचलून नेली.

वॉकर धरून चालता यायला लागलं तसं बाई मले म्हणाल्या, "चाल, मृत्युपत्र करून येऊ." डॉक्टरचा दाखला घेतला, दोन साक्षीदार नेले, कचेरीत नोंदणी केली. घर अन् शेत यमुनाले. पुस्तकं या शाळेले. मृत्युपत्राचा कारभार पाहाले माझं नाव. येताना मी विचारलं, "बाई, घरचे नाराज होतील ना?" तर म्हणाल्या, "मूल नसलं की लोकायले बाई म्हणजे बेवारस प्लॉट वाटते. मी बेवारस नाही. माझं कोण, ते मी ठरवलं."

परवा आपण राख सावडून आलो, तर दाराले कुलूप. यमुनाची लुगडी आत, तिच्या बीपीच्या गोळ्या आत. दोन दिवस झाले, ती माझ्या दुकानात कपड्याच्या गठ्ठ्यावर झोपून राह्यली. अन् ज्यानं कुलूप लावलं, तो इथं रुमाल डोळ्याले लावून बसला आहे.

काय म्हणता, प्रकाशभाऊ? ही वेळ आहे का? हो, हीच आहे. गाव बसलं आहे, कागद माझ्या हातात आहे. रुमाल ठेवा. किल्ली काढा.

मले नको. तिले द्या. उठा, तिच्यापर्यंत चालत जा.

यमुना, घे. रडू नको. घर तुझं आहे.

मंडळी, आता उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका, बाईंची आठवण करा. ज्यायच्याजवळ आठवण नाही, त्यायनं नुसती मान खाली घालावी. त्यायच्याकडून बाईंची तेवढीही अपेक्षा नव्हती.

बाई, रामराम.