तुऱ्यातली जळकी जरी

हे मी सांगायचं नव्हतं खरं तर. बाबांनी सकाळीच बजावलंय — देविकामावशीने, म्हणजे तुम्ही, विचारलंच, तर तुरा किनारी बाजारातून आणला म्हण. पण तुम्ही आत्ता आरशात बघून विचारलंत ना, इतका सुंदर तुरा कुठे मिळाला म्हणून, आणि इतक्या हळू हात लावलात त्याला — मान सरळ ठेवा हं, सुई आहे माझ्या हातात — तर नाहीये तो किनारी बाजारातला. तिथे असा मिळतच नाही. पहिल्या वर्षी त्या लग्नसामानाच्या बाजारातूनच आणले होते आम्ही सगळ्यांच्या पगड्यांचे तुरे. दुकानदाराने विचारलं, "बेटा, दूल्हे कितने हैं?" आणि खरंच, चौदा जानेवारीला पानिपतला काला अंबच्या स्मारकापाशी आपल्या मंडळाची घोडेस्वारांची तुकडी उभी राहिली, तर लढाईच्या स्मरणाला आलोय असं वाटेचना, एकाच मांडवात सगळे नवरदेव घुसल्यासारखे दिसत होते. प्लास्टिकची जरी उन्हात चॉकलेटच्या कागदासारखी चमकते. त्यात घोड्या वरातीच्या. हो, तुम्हाला नाही सांगितलं? उद्या तुम्ही जिच्यावर बसणार आहात ना, ती पण वरातीचीच आहे. ढोल वाजला की नाचायला लागते. हसू नका ना, सगळं हलतं.

तेव्हापासून तुरे घरी करायचे ठरलं. बाबा म्हणाले, अस्सल पाहिजे. त्यांचा आवडता शब्द आहे तो, तुमच्याही कानावर आला असेल. जे तिथे मेले ते काय प्लास्टिक लावून मेले का — असं, मीटिंगमध्ये बोलतात तसं, बोट वर करून. करायचं मात्र आईने. आई म्हणजे माझी आई, सुनेत्रा. नाव माहीत असेल तुम्हाला. नसेलही, या घरात आता कोणी घेत नाही. ती इथेच बसायची, या खिडकीशी, समोरच्या टॉवरचे दिवे लागेपर्यंत. रेशमाची जुडी बांधायची आणि वरून जरी गुंडाळायची — एक वेढा घट्ट, एक सैल. म्हणजे तुरा ताठ पण राहतो आणि चालताना डुलतो पण. बाजारातला एक तर काठीसारखा उभा राहतो, नाही तर लोळतो. मी तिच्याशेजारी बसूनच शिकले. त्यामुळे हा तुरा कोणी केलाय ते तिला लांबूनही कळेल. — नाही, काही नाही. असंच म्हटलं. मान थोडी डावीकडे. हां, बस.

तर या वेळी तुमच्यासाठी खास हवा होता. तुकडीत पहिल्यांदाच बाई घोड्यावर बसणार, ती पण पुण्याहून येणार, मग तुरा वेगळा नको? मी म्हटलं, बाबा, खरी जरी कुठून आणू यार, आता कोण देतं? तर त्यांनी कपाट उघडलं. वरचा कप्पा. आणि आईचा लग्नातला शालू काढला.

नको, हात लावू नका आता. शिवणं चाललंय ना.

आई गेली तेव्हा एकच बॅग घेऊन गेली, सरोजिनी नगरला, मामाच्या क्वार्टरमध्ये. शालू तिने मुद्दाम ठेवला. म्हणाली, हा शिवांगीचा. लग्नात नेस, नाही तर कधीच नेसू नकोस, पण तुझा. हे बाबांसमोर म्हणाली. तेच बाबांनी मला ऐकवलं — तुझाच आहे ना? मग तूच ठरव. आणि कात्री माझ्या हातात दिली. आता हातात कात्री दिल्यावर माणूस काय ठरवणार? आणि मला नाही म्हणताच येत नाही कोणाला. शाळेत हजेरीला "प्रेझेंट" म्हणते, तेसुद्धा मॅमपर्यंत पोचत नाही, त्या दोन दोन वेळा नाव घेतात. मग मी पदर कापला. काठातून एकेक धागा ओढून काढला, तुटू न देता. पहिला निघाला तेव्हा बाबांनी लायटर धरला त्याला — प्लास्टिक असलं तर आकसून गोळी होते — पण आतलं रेशीम तेवढं जळलं आणि चांदीची तार तशीच राहिली. तर बाबा ओरडलेच, "अस्सल! बघ शिवांगी, अस्सल!" इतके खूश. इतके खूश मी त्यांना फक्त तुमचा फोन येतो तेव्हा बघते.

तुम्हाला मावशी म्हण असं त्यांनीच सांगितलंय. मावशी म्हणजे आईची बहीण ना? म्हणून मी काहीच म्हणत नाही तुम्हाला. लक्षात आलं असेल तुमच्या.

आणि हे बघा — आरशात बघा, मान न हलवता — इथे समोर, कपाळाच्या बरोबर वर, काळसर दिसतंय ना? मघाशी तुम्ही म्हणालात, किती छान जुना रंग दिलायस. रंग नाहीये तो. त्या शालूच्या पदराला एक भोक होतं, हरभऱ्याएवढं. लग्नात होमाची ठिणगी पडून झालेलं. आई हौसेने दाखवायची सगळ्यांना, म्हणायची, यांनी तूप ओतताना घाई केली, पहिल्या दिवसापासून घाई! आणि बाबा पण हसायचे तेव्हा. त्या भोकाभोवतीची जरी काळी पडलेली होती. बाबा म्हणाले, ती फेकून दे. मी नाही फेकली. ती समोर लावली.

का लावली? तुम्ही विचारत नाही आहात, पण दिसतंय मला. कारण आई उद्या येणार आहे. बाबांना वाटतंय ती या वर्षी येत नाही, तुम्हालाही त्यांनी तेच सांगितलं असेल. पण ती मंडळाच्या बसने येतेय, रविवारी फोनवर म्हणाली मला. दर वर्षी येते. स्मारकापाशी अगदी पुढे उभी राहते, तिळगूळ वाटते. आणि फोन ठेवता ठेवता काय विचारावं तिने? शालूला ऊन दिलंस का गं, कसर लागेल. मी म्हटलं, हो, दिलं. आणि मग बसले, आणि ती जळकी जरी समोर घेतली. तिला दिसावी म्हणून. तुमच्या डोक्यावर दिसावी म्हणून.

वाईट आहे ना? माहितीये मला. पण मला वाटलं होतं तुम्ही वाईट असाल. सोपं झालं असतं बिल्कुल. आणि तुम्ही दारातून आत आलात, सगळ्या पगड्या बघितल्यात आणि पहिलं काय विचारलंत — तुझी कुठली? मला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं ते. बाबांनीपण नाही. माझी नाहीये त्यात. मी ओवाळणीचं ताट घेऊन उभी राहते बाजूला.

म्हणून सांगतेय. ऐका. शेवटची गाठ मी अजून मारलेली नाही. तुमच्या उजव्या कानामागे एक पांढरा धागा लोंबतोय, तो ओढला की तुरा हातात येतो, पगडीला काही होत नाही. साध्या पगडीवरही घोड्यावर बसता येतं. नाही तर मी गाठ मारते, मिनिटभर लागेल. तुम्हीच ठरवा. — बघा, मी पण बाबांसारखंच बोलायला लागले. फक्त कात्री देत नाहीये.

ठरवा, तोवर सुई ठेवते खाली. बरं.

हो बाबा! झालंच! — फोटो काढायचाय त्यांना, ग्रुपवर टाकायला. बोलवतायत. तुम्ही डोळे पुसा आधी, ते लगेच विचारतील काय झालं, आणि मग सगळं माझ्यावरच येईल. किनारी बाजार म्हणा, काय? किनारी बाजार. आणि पटकन एक ऐका — ओढायचाच असेल ना तो धागा, तर आज ओढा, इथे, उद्या तिच्यासमोर नको, कारण आईने जर —

आले, बाबा, आले!