हॉटेलची लाइन

—न्हाई, न्हाई, बसा चेअरमन. उठू नका. दारात पाय ठेवल्या ठेवल्या बोललात ना, 'कल्याणी, माझ्या वैष्णवीच्या डोक्यात हे हॉटेल मॅनेजमेंटचं खूळ तू घातलंस, आता तूच काढ' — बोललात ना? मी उशांचे अभ्रे बदलत बदलत सगळं ऐकून घेतलं. आता तुमी ऐका. बाहेर ऊन मी म्हणतंय, एवढ्या उन्हात जुन्नरहून घोडेगावपर्यंत मोटारसायकल कशाला हाणता? पंख्याखाली बसा. पाणी घ्या. घ्या की.

काय शब्द व्हता तुमचा? 'घरंदाज पोरींची लाइन न्हाई ती.' लाइन! वकिलीला लाइन म्हणत न्हाई कुणी, डॉक्टरकीला म्हणत न्हाई. हॉटेल म्हटलं की लाइन. तुमाला ठाऊक तरी हाय का तिथं काय शिकवतात? — भांडी घासायला? बरं, घासायला शिकवतात. पहिल्याच महिन्यात. मी घासलीत, माझ्या वर्गात पुण्यातल्या एका सर्जनचा पोरगा व्हता, त्यानंही घासलीत, पातेल्यात डोकं घालून. का? तर उद्या तुमच्या हाताखाली पन्नास माणसं काम करणार, त्यातल्या एकाचं काम तुमाला येत न्हाई असं व्हता कामा नये म्हणून. त्यालाच मॅनेजमेंट म्हणतात. तीन वर्षं शिकले मी पुण्यात, शहाण्णव ते नव्व्याण्णव. चार मोठी खाती असतात बघा — एक फ्रंट ऑफिस, म्हंजे दारात आलेल्या माणसाला आत घ्यायचं, खोली द्यायची, त्याची तक्रार ऐकायची आणि जाताना तो हसत गेला पाहिजे. दुसरं हाऊसकीपिंग — तुमी म्हणाल झाडलोट. झाडलोट म्हणा! कुठल्या डागाला कुठलं औषध, चादरी किती धुतल्या की विरतात, खोलीत वास कशानं येतो, आग लागली तर माणसं कुठनं बाहेर काढायची, सगळं त्यात आलं. तिसरं स्वयंपाकघर. चौथं वाढप — ते तुमाला सोपं वाटतं, पण भरल्या हॉलमधी कुठल्या टेबलाला काय हवंय हे त्यानं हात वर करायच्या आधी कळायला लागतं. आणि ह्या चारांच्या मागं हिशोब, अन्नाचे कायदे, आहारशास्त्र, फ्रेंच — हो, फ्रेंच! घोडेगावच्या शाळेतली पोरगी मी, फ्रेंचच्या तासाला घाम फुटायचा. चौथ्या सहामाहीला बाई म्हणाल्या, कल्याणीचे उच्चार ऐका. आणि तुमी म्हणता खूळ.

अन् शिकून करायचं काय, असं विचारलंत ना? नुसतं हॉटेलच असतं व्हय? विमानातलं जेवण कोण बनवतं? एवढाल्या हॉस्पिटलांत डायबेटिसवाल्याचं ताट येगळं, ऑपरेशनवाल्याचं येगळं, ते कोण बघतं? बोटीवर, कारखान्याच्या कँटीनमधी, सगळीकडं आमचीच माणसं. माझ्या वर्गातली एक पोरगी मस्कतला एका हॉटेलचं अख्खं हाऊसकीपिंग सांभाळते. तिच्या घरचे त्याला लाइन म्हणत न्हाईत.

माझ्या घरचे म्हणायचे. खोटं कशाला बोलू? माझा बाप — भागुजी, ओळखता तुमी — एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आयुष्यभर ऑइलात हात. पोरगी शिकावी म्हणून जीव टाकणारा माणूस, जयंतीला वस्तीत भाषण करायचा, शिका म्हणून. आणि मी हॉटेल मॅनेजमेंट घेतलं म्हटल्यावर तोच बाप वस्तीत सांगायचा, पोरगी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करती. तीन वर्षं सांगितलं त्यानं. आई म्हणायची, अहो, पोरीच्या तोंडावर तरी खरं बोला. तर म्हणायचा, कुशाबाई, आपल्या आज्यापणज्यांनी लोकांचं उष्टं काढलं, ते सुटावं म्हणून आपण धर्म बदलला, आणि ही पैसं भरून उष्टी ताटं उचलायला शिकती. — त्याच्या बाजूनं ते खरंच व्हतं. मी म्हणाले, दादा, तवा आपण मागच्या दारात उभे व्हतो. मी पुढच्या दारानं आत चाललेय. रिसॉर्टची नोकरी लागली तवा तो मला सोडायला आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

तुमच्या ध्यानात हाय ना ते रिसॉर्ट, धरणाच्या अंगाचं? — असू द्या, मी सांगते. दोन हजार एक साल. मुंबईचे लोक शनिवार-रविवार यायचे. मालक बोलायला गोड माणूस. मला म्हणाला, आपल्या भागातली पोरगी, शिकलेली, तू किचन आणि खोल्या दोन्ही बघ. मी बघितलं. जीव लावून बघितलं. मुंबईवाले पनीर खाऊन कंटाळलेले असायचे, मी म्हणाले, त्यांना आपली मासवडी घालू. आईकडनं शिकलेली. ती तीळ-खोबरं-लसणाचं सारण असं भरायची की वडी कापली तरी कड सुटायची न्हाई, आणि रस्सा असा की नाकातनं पाणी. लोक पार दादरहून फोन करून विचारायचे, रविवारी मासवडी हाय का म्हणून. माझ्या जोडीला किचनमधी फुरकान व्हता, जुन्नरचाच. आत कांदा चिरतोय ना, तोच. त्याच्या छातीवर मालकानं बिल्ला लावला व्हता — 'प्रकाश'. पाहुण्यांना बरं वाटतं म्हणे. फुरकान हसायचा, म्हणायचा, ताई, पगार प्रकाशला मिळतो, जेवतो फुरकान. मीपण हसायचे. हसायला नको व्हतं. पण माझ्या बिल्ल्यावर नुसतं 'कल्याणी' व्हतं, आडनाव न्हाई, आणि मलाही ते बरंच वाटत व्हतं. — जाऊ द्या ते.

मग तुमच्या पुतण्याचा साखरपुडा आला.

खाली काय बघताय? वर बघा. आज तुमी आत आलात तवाच मी ओळखलं. तुमाला वाटलं व्हय, मी इसरले? डेअरीचे चेअरमन, पांढरा सफारी, गळ्यात चेन. सगळा बेत मी ठरवलेला. सकाळपासून आमी मासवड्या करत व्हतो. पहिली पंगत बसली, जेवण रंगात आलं, मी सहज बाहेर आले — बाहेर यावंच लागतं, पाहुणा जेवतोय कसा ते बघायला शिकवलंय आमाला — आणि तुमी मला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मालकाला बाजूला घेतलं. मी आत गेले. पाठोपाठ मालक आला. म्हणाला, 'कल्याणी, तू जरा ऑफिसमधी बस. कार्यक्रम आटपेपर्यंत.' मी म्हणाले, का? म्हणाला, 'पाहुण्यांची हरकत हाय.' मी म्हणाले, कशाला? मीठ जास्त झालं? तर म्हणाला, 'तुला म्हाईत हाय. कशाला माझ्या तोंडातनं वदवून घेती?'

चेअरमन, तीन वर्षं मी शिकले. पाहुणा दारू पिऊन आला तर काय, त्याच्यावर तास व्हता. पाहुणा ओरडला, ग्लास फेकला, खोटी तक्रार केली, प्रत्येकावर तास व्हता. पाहुणा बरोबर हाय असं धरूनच बोलायचं, हे घोटून घेतलेलं. पण पाहुणा तुझ्या हातचं खायचं न्हाई म्हणाला तर काय करायचं, ते कुणीच शिकवलं न्हाई. पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांच्यावर ती वेळच आली नसणार.

मी ऑफिसात गेले न्हाई. रश्श्याचं भांडं उचललं आणि हॉलमधी गेले. फुरकान मागनं म्हणत व्हता, ताई, थांब, ताई. मधोमध उभी राहिले. म्हणाले, जेवण कसं झालंय मंडळी? कुणीतरी म्हणालं, एक नंबर. मी म्हणाले, मासवडी माझ्या हातची हाय. मी भागुजी मेकॅनिकची पोरगी, घोडेगावच्या बौद्धवस्तीतली. कुणाला रस्सा वाढू?

कोण उठून हात धुवायला पळालं, कोण मान खाली घालून तसंच जेवत राहिलं. आणि एका म्हातारीनं ताट पुढं केलं. 'वाढ गं बाई, लई गोड हात हाय तुझा.' आठवतंय कोण व्हती? तुमची आई. मी वाकले वाढायला — आणि तुमी ताट ओढून घेतलंत. म्हातारीच्या पुढ्यातनं. रस्सा तिच्या लुगड्यावर सांडला. तुमच्या आईच्या! ती नुसती बघत राहिली तुमच्याकडं. मला माझा अपमान झाला त्याचं काही न्हाई — म्हंजे हाय, रोज हाय — पण तिचं ते तोंड माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाई. भुकेचं ताट ओढलंत तुमी. — गेल्या ना त्या, मागच्या वर्षी? वैष्णवीनं सांगितलं.

त्याच संध्याकाळी मालकानं मला रजा घ्यायला सांगितली. परत बोलावलंच न्हाई. फुरकाननं 'प्रकाश'चा बिल्ला काढून मालकाच्या टेबलावर ठेवला आणि तोही चालता झाला. मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या किचनमधी राहिले, पेशंटची ताटं लावली. मग फुरकानच्या चुलत्याचं हे लॉजिंग बंद पडलेलं, ते आमी दोघांनी चालवायला घेतलं. ओझर-लेण्याद्रीला जाणारे लोक उतरतात, लेणी बघायला गोरे लोक येतात. बाहेर पाटीवर दोघांची पुरी नावं लिहिलीत, आडनावासकट. वाचून जे माघारी जातात त्यांना जाऊ देतो.

आणि खूळ मी घातलं म्हणता? चेअरमन, ती तिथं व्हती. फ्रॉकमधी. तुमच्या शेजारी बसलेली. तिनं सगळं बघितलं. मागच्या साली कॉलेजच्या पोरींबरोबर जुन्नरला आली, तर पाटी वाचून आत आली, एकटी. म्हणाली, 'ताई, तुमीच ना त्या मासवडीवाल्या?' आणि रडायला लागली, हितं, ह्याच खुर्चीत. मी तिला काय सांगितलं ठाऊक हाय? मी सांगितलं, नको येऊ ह्यात. होय! तुमी मला जे सांगायला आलात, तेच. पाय सुजतात, सणावाराला घर न्हाई, बघायला आलेली पोरं 'हॉटेल' ऐकलं की उठतात — तीन जण उठून गेलेत माझ्या पुढ्यातनं, ते पण सांगितलं. रागानं सांगितलं. तर मला म्हणते, 'मग ताई, तुमी का न्हाई सोडलं?' मी उठून दोन खोल्यांच्या चादरी बदलल्या, बदललेल्याच परत बदलल्या. ती माझ्या मागं मागं येऊन कोपरे दुमडायला शिकत व्हती. हात बघा तिचा कधी. लई शिस्तीचा हाय. तुमाला कुठनं म्हाईत असणार! तिच्या आईला, इंद्रायणीवहिनींना, म्हाईत हाय, म्हणून तर त्या स्वतः पुण्याला घेऊन गेल्या तिला प्रवेश परीक्षेला—

…

न्हाई. तसं न्हाई म्हणायचं मला. — चाकणला बहिणीकडं गेल्या व्हत्या, हो, तिकडंच गेल्या असतील, मी काय—

बसा. चेअरमन, बसा खाली. चावी ठेवा ती. — ठेवू नका तर! पण ऐका. माझ्या तोंडातनं गेलं, चूक माझी हाय. त्या बाईनं तुमच्याबरोबर एवढी वर्षं काढली, कधी आवाज वर केला न्हाई. साखरपुड्यात तुमी ताट ओढलंत तवा त्या समोरच बसल्या व्हत्या, आणि त्यांनी त्यांचं ताट शेवटच्या घासापर्यंत संपवलं. तुमी तिकडं बघितलंच न्हाई. मी बघितलं. एवढंच केलं त्यांनी तवा, आणि आता हे. मला काय बोलायचं ते बोला. हितंच बोला, फुरकान बाहेर यायचा न्हाई, मी सांगते त्याला. सगळा राग हितं काढून जावा. पण त्यांच्या अंगावर हात — न्हाई, मी तुमच्या पाया पडणार न्हाई. त्यांच्यासाठीसुद्धा न्हाई. मी फक्त सांगते. उद्या मी घोडेगावला येणार हाय, वहिनींना भेटायला. तुमच्या घरी, पुढच्या दारानं. त्या मला धड दिसल्या पाहिजेत.

काय बोलताय? मोठ्यानं बोला.

—ते मला ठाऊक न्हाई. पेपर कसा गेला ते मला कुणी सांगितलं न्हाई. तिलाच विचारा. पोरगी तुमची हाय.

जावा आता. सावकाश चालवा.