पाटीवरची याडी

मानोऱ्याजवळच्या तांड्यावर पहिलीचा वर्ग माह्याकडं होता, तवाची गोष्ट सांगते. "आ आईचा" शिकवलं की सपना नावाची पोरगी चित्र पाहून म्हणे, "याडी." तांड्यावर आईले याडीच म्हणतात. पण मी दरवेळी टोकायची, "आई म्हण." आठ दिवसांत पोरीनं वर्गात बोलणंच सोडलं.

मंग माही चूक मले समजली. मी फळ्यावर 'याडी' लिहिलं. सपनानं ते पाटीवर उतरवलं अन् मधल्या सुटीत घरी पळाली.

थोड्या वेळानं तिची माय पाटी घेऊन वर्गात आली.

"मॅडम, सपना म्हणते, पाटीवर तू हायेस. खरं काय?"

"खरं हाय. तुमीच आहा."

माय पाटीकडं पाहतच राह्यली. मंग पोरायच्या रांगेत सतरंजीवर बसली.

"आता माह्यं नाव शिकवा. अंगठा लावू लावू थकली मी."